कानबाईचा फिरता चौरंग

चौरंग फिरता असावा अशी मागणी आमच्या घरात कुणीही केली नव्हती. आईने केली नव्हती, वडिलांनी केली नव्हती, आणि ज्या कानबाईसाठी हा सगळा घाट घातला तिने तर मुळीच केली नव्हती. तरी मी तो केला. मी तेव्हा जळगावात इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि त्या वयात जी वस्तू नीट जागेवर उभी आहे ती फिरवून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नसे.

खानदेशाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी. त्याच नारळाला डोळे, नथ, दागिने, साडी. घर रंगवायचं, चौरंगाला केळीचे खांब बांधायचे, संध्याकाळी आरती करायची आणि मग रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, खायचे. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. आणि सगळ्यात कडक नियम असा, की एकदा नारळ चौरंगावर बसला की सोमवारी सकाळी विसर्जनाला उचलेपर्यंत देवीला हात लावून तसूभरही हलवायचं नाही. हा नियम नीट ध्यानात ठेवा. मी ठेवला नाही.

आता घरची परिस्थिती. माझे वडील, म्हणजे नाना, पाटबंधारे खात्यात कारकून. आमचं घर जळगावात, पिंप्राळ्याच्या कॉलनीत. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आबा, धुळ्याकडच्या आमच्या गावी कापूस पिकवायचे. घराण्याचा मूळ नारळ (विसर्जनात नुसती बुडी देऊन परत आणतात तो) थोरल्याच्या घरी, म्हणजे आबांकडे. आणि या दोन भावांचं बोलणं बंद! कारण काय? तर एका चुलत भावाच्या लग्नात आबांनी नानांना "तू घरनाच माणूस शे" असं म्हणून वाढायला उभं केलं, आणि नाना जेवायला दुसऱ्या पंगतीला बसले. दुसऱ्या पंगतीला बासुंदी संपली होती. बस्स! त्या बासुंदीपायी आबा आपल्या गावी मूळ नारळ पुजायचे आणि आम्ही पिंप्राळ्यात बाजारातला. आमचे रोट खाताना नाना दरवर्षी म्हणायचे, "चव नाही." चव त्याच पिठाची, त्याच आईच्या हातची. पण नव्हती खरी.

त्या वर्षी मात्र आई आणि मोठी माय (आबांची बायको) भुसावळला कुणाच्या तरी डोहाळजेवणात भेटल्या आणि त्या दोघी जावांनी परस्पर ठरवून टाकलं की यंदा मूळ नारळ पिंप्राळ्याला येणार. आबांनी बरेच आढेवेढे घेतले, पण अखेर "येस", म्हणजे येतो, म्हणाले. नानांनी मला समोर बसवलं.

"हे बघ, सुनील. आबा पहिल्यांदा या घरात पाऊल टाकताहेत. काही वेडंवाकडं झालं तर पुन्हा टाकणार नाहीत, मी ओळखतो त्यांना. तेव्हा तू फक्त बल्बचं तोरण लाव आणि गप्प बस."

मी यातलं फक्त तोरण ऐकलं.

अडचण जागेची होती. आमच्या घरात पुढची खोली आणि मागे स्वयंपाकघर, मधल्या भिंतीत रुंद दार. प्लग त्या दाराशीच, म्हणून चौरंगही दारातच. बायकांनी स्वयंपाकघरात जायचं ते परसातून वळसा घालून. म्हणजे पुढच्या खोलीतल्या पुरुषांना देवीचं तोंड दिसणार आणि दिवसभर उपाशीपोटी रोट थापणाऱ्या बायकांना देवीची पाठ! हा अन्याय मला सहन होईना. (खरं सांगायचं तर भुसावळच्या जुन्या बाजारात मला कापडदुकानातल्या फिरत्या पुतळ्याची मोटर मिळाली होती आणि तिचं काय करावं ते सुचत नव्हतं. अन्याय नंतर आठवला.)

"देवीला हलवायचं नसतं ना?" नाना म्हणाले.

"देवी कुठे हलते? हलतो चौरंग. देवी चौरंगावर स्थिर."

कारकुनाला नियमातली फट दाखवली की तो विरघळतो. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "विजेनं फिरत असेल तर हात लावला असं म्हणता येणार नाही."

चौरंग फिरवणं सोपं होतं. खाली एक जड पाट, पाटावर जीपच्या चाकाचं जुनं बेअरिंग, बेअरिंगवर चौरंग. मोटर पाटावर ठोकायची होती, पण आईने हातोडीच धरली. "माझ्या लग्नातला पाट आहे तो! खिळा मारशील तर बघ!" म्हणून मग मोटर चौरंगाच्या पोटाखाली उलटी बांधली. तिचं रबरी चाक पाटावर टेकून पळायचं आणि आपल्याबरोबर चौरंगालाही फिरवायचं. म्हणजे मोटर फिरती, बल्बचं तोरण फिरतं, आणि प्लग भिंतीत. या दोघांना जोडणारी वायर कुठल्या बाजूची?

पहिल्या चाचणीत मी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. साधी लांब वायर जोडली आणि बटण दाबलं. चौरंग फिरू लागला. आई कौतुकाने बघायला आली. वायरीने पाटाभोवती एक वेढा घेतला, दुसरा घेतला, आणि ती ताठ झाली. शेजारच्या टेबलावर रेडिओ होता आणि त्याच्या वायरीत ही वायर अडकली होती. कापसावरच्या मावा-तुडतुड्यांची माहिती देत देत रेडिओ टेबलावरून सरकू लागला.

"अगं बाई, हा चालला कुठे?" आई म्हणाली.

रेडिओ टेबलाच्या कडेपर्यंत आला, तिथे क्षणभर थांबला, फवारणीचं प्रमाण सांगितलं आणि खाली पडला. त्याच्या पाठोपाठ भिंतीतला प्लगचा बोर्ड स्क्रूसकट उपटून आला. चौरंग मात्र छान फिरत होता.

मग मी पुस्तक उघडलं. त्यात उपाय होता. फिरत्या भागावर धातूची गोल कडी बसवायची आणि स्थिर भागातून कोळशाची कांडी त्या कडीवर दाबून धरायची. कडी फिरत राहते, कांडी जागच्या जागी घासत राहते, आणि वीज पलीकडे जाते. वायरीला पीळच पडत नाही. वाचून मला इतका आनंद झाला की मी तो परिच्छेद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "रेडिओ कोण दुरुस्त करणार?"

बाजारातून पितळी पट्ट्या आणल्या, वाकवून दोन कड्या केल्या, आणि दोन्हीची टोकं डाग देऊन जोडली. जोडावर डागाचं एक छोटं टेंगूळ राहिलं. ते कानशीने घासून काढायला हवं होतं. पण मी विचार केला, जोड मागच्या बाजूला ठेवू, मागे कोण बघतंय? कोळशाच्या कांड्या टॉर्चच्या जुन्या सेलमधून काढल्या. त्यांना कडीवर दाबून धरायला स्प्रिंगा हव्या होत्या, त्या नानांच्या बॉलपेनांतून काढल्या. (ऑफिसात त्या आठवड्यात नाना पेन दाबत आणि ते आत जात नसे. ते कंपनीला शिव्या देत. मी ऐकून घेतल्या.)

चाचणी झाली. रिकामा चौरंग वाऱ्यासारखा फिरला. टेंगूळ आलं की कांडी जराशी उचलली जायची, बल्ब एकदा पापणी मिटल्यासारखे व्हायचे, पण चौरंग आपल्या झोकात ते ओलांडून पुढे जायचा. मला एक शॉकही बसला, पण तो कडीचा नव्हता, माझ्या घाईचा होता. मी भोवती झालर लावून सगळं झाकून टाकलं.

रविवारी दुपारी आबा आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि छातीशी धरलेल्या पिशवीत मूळ नारळ. मागे मोठी माय आणि गावचे भाऊबंद. नाना दारात उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघांनीही नारळाकडे पाहिलं.

"या," नाना नारळाला म्हणाले.

"उनू (आलो)," आबा उंबऱ्याला म्हणाले.

एवढ्यावर आई आणि मोठी माय यांनी डोळे पुसले आणि परसातून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्या हिशेबाने हे संभाषण फारच चांगलं झालं होतं.

कानबाई बसली. नथ, साडी, मण्यांच्या माळा, ओटीचे नारळ, फळं, आणि आबांनी गावाहून आणलेला केळीचा एक अख्खा घड. तो घड नेमका एका बाजूला ठेवला गेला. चौरंग जरासा कलला होता. पण आबांनी आणलेला घड काढा म्हणून सांगायची माझी काय बिशाद!

मी बटण दाबलं. बल्ब लागले. चौरंग हळू... फार हळू फिरू लागला. खोलीतून "आं!" असा आवाज उठला.

"हाई काय शे रे, भो?" आबांनी विचारलं. माझ्याशी त्यांचं बोलणं चालू होतं.

"फिरता चौरंग, आबा. पुढच्यांना दर्शन, मागच्यांनाही दर्शन."

आबा पुढे वाकून बघत राहिले. मग त्यांच्या तोंडून, थेट नानांकडे बघून, कित्येक श्रावणांनंतरचं पहिलं वाक्य निघालं. "तुन्हा पोऱ्या हुशार शे."

नानांनी चष्मा काढून पुसला. त्यांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात चौरंग थांबला.

देवीचं तोंड स्वयंपाकघराकडे. पाठ आमच्याकडे. आणि बल्ब बंद.

"लाईट गेली," मी म्हणालो. वर पंखा फिरत होता. सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग देवीच्या पाठीकडे.

"चालू होईल," मी म्हणालो आणि बटण दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. काही नाही. वजनाने झोक गेला होता, आणि कांडी बरोबर त्या टेंगळावर अडकून बसली होती. मोटरलाही वीज त्याच कड्यांतून. म्हणजे चौरंग फिरल्याशिवाय वीज नाही, आणि विजेशिवाय चौरंग फिरणार नाही! बोटाने तसूभर ढकलला असता तर काम झालं असतं. पण नियम मी सुरुवातीलाच सांगितला. आणि विजेनं फिरतं म्हणून चालतं, ही पळवाट नानांनी माझ्याच भरवशावर शोधली होती.

आबा आरतीचं ताट हातात घेऊन उभे होते. थोरला म्हणून पहिली आरती त्यांची. ते ताट त्यांनी सावकाश खाली ठेवलं.

"माले समजनं," ते म्हणाले. "मन्हा हातनी आरती मायले नको शे. तिनी पाठ फिराई दिधी."

"आबा, तसं काही नाही..."

"तू चूप बस, पोऱ्या. हाऊ तुन्हा विषय नही."

"म्हणजे?" नानांचा आवाज चढला. "माझ्या घरात आल्यावर देवी नाराज झाली, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी काही नही सांगं. मायनी सांगं."

"बासुंदीच्या वेळी पण असंच! तुम्ही काही नाही सांगितलं, आचाऱ्याने सांगितलं!"

झालं! आबा स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, "चाल व! पिशवी उचल! धुळानी गाडी सापडी जाई!" आणि मग त्यांच्या लक्षात आलं की नारळ चौरंगावर आहे. नारळाशिवाय जाता येईना, आणि सोमवारपर्यंत नारळ उचलता येईना. ते भिंतीकडे तोंड करून बसले. नाना समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले. त्या खोलीत तेव्हा कानबाईसकट तिघं पाठ करून होती.

दोन भावांचं घर पुन्हा मोडत होतं, आणि तेही सेलमधल्या कोळशाच्या कांडीपायी. मला रडू यायला लागलं होतं आणि संतापही येत होता. झालरीखाली हात घालून कांडी जराशी दाबली तरी पुरे होतं. पण भरल्या खोलीत देवीच्या चौरंगाखाली स्क्रूड्रायव्हर घेऊन शिरणार कसं? तेव्हा मला युक्ती सुचली. मी देवीच्या पाठीमागे पोटावर आडवा पडलो आणि साष्टांग नमस्कार घातला. डोकं जमिनीवर, हात पुढे लांब, आणि उजवा हात हळूच झालरीखाली.

"कितला भक्तीवान पोऱ्या शे!" मागून कुणीतरी म्हणालं.

मी चाचपडत होतो. बेअरिंग लागलं. रबरी चाक लागलं. नमस्कार जरा लांबला.

"मायनी मनधरणी करी राहिना बिचारा," दुसरं कुणी म्हणालं, आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

कांडी लागली. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला. त्याची मूठ फुटकी होती हे मला ठाऊक होतं, पण भक्तीच्या भरात विसरलो.

असा काही झटका बसला म्हणता! मी पडल्या जागी उसळलो, गुडघ्यांवर आलो, दातखीळ बसली, डोळे पांढरे, अंग थरथरा कापतंय, आणि तोंडातून "हूं... हूं... हूं..." असा आवाज!

"पोऱ्याना अंगमा उनं!" सगळी खोली एका दमात ओरडली. "कानबाई मातानी जय!"

कुणी माझ्या कपाळाला कुंकू फासलं. कुणी गळ्यात माळ घातली. आबा ताडकन उठले, माझ्यासमोर येऊन गुडघे टेकून बसले आणि हात जोडून म्हणाले, "माय व, आमनं काय चुकनं? कसाले रागावनी? सांग, माय!"

आता बघा, ही केवढी संधी होती! त्या क्षणी मी नुसतं "भाऊ भाऊ एक व्हा" एवढं म्हटलं असतं तरी काम फत्ते होतं. घराण्यात माझं नाव निघालं असतं. पण शॉक बसलेला माणूस संधी बघत नाही. माझ्या तोंडून तेवढंच निघालं जे खरोखर मनात होतं.

"मेन स्विच बंद करा!"

"मायनी सांगं! मेन स्विच बन करा!" आबा गरजले. कुणीतरी धावत ओटीवर गेलं आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. दिवेलागणीची वेळ होती, बाहेर ढग भरून आलेले. पुढची खोली अंधारून गेली. कानबाईची पुढची आज्ञा काय, म्हणून लोक माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी माझी बोटं जागेवर आहेत का ते मोजत होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मोठ्या मायची हाक आली.

"अंधारमा काय बठेल शेतस? आठे या! माय आठे देखी राहिनी!"

तेलाची समई चौरंगावर देवीच्या तोंडापुढे होती. म्हणजे आता तीही स्वयंपाकघराच्या बाजूला. सगळे परसातून धावले. आत जाऊन बघतो तर समईच्या उजेडात देवीचं तोंड असं काही उजळलेलं, नथीचा मोती चमकतोय, आणि खाली परातीभोवती पिठाने भरल्या हातांनी आई आणि मोठी माय बसलेल्या. दिवसभर उपाशी राबलेल्या त्या दोघींकडे देवी टक लावून बघत होती.

"आमले पहिलं दर्शन दिधं मायनी," मोठी माय म्हणाली. "आते आठेच आरती करा."

स्वयंपाकघर ते केवढं! चूल, परात, रोटांची चळत, डबे, आणि त्यात सगळे भाऊबंद कोंबलेले. आबा आणि नाना अशा जागी अडकले की दोघांचे खांदे एकमेकांत रुतले. ताट हलवायला हात मोकळा होईना, म्हणून आबांनी ते उजव्या हाताने धरलं आणि नानांनी डाव्या. आरती सुरू झाली. नाना आधी बेसूर गात होते, मग आबांच्या सुरात मिसळले, म्हणजे दोघं मिळून बेसूर गाऊ लागले. आईने पदराने तोंड झाकलं. ती रडत होती, आणि मीही परसाच्या दारात उभा राहून रडत होतो. सगळं जुळून आलं होतं. आता फक्त एकच गोष्ट करायची होती, मी गप्प उभं राहायचं होतं.

पण मला वाटलं, आरतीला बल्ब लागले तर किती शोभा येईल! मी ओटीवर गेलो आणि मेन स्विच वर केला.

मला काय माहीत, की झालरीखाली राहिलेला माझा स्क्रूड्रायव्हर मागाहून अंधारात घसरला होता आणि त्याने कांडी बरोबर जागी सरकवली होती! बल्ब लखलखले, चौरंग हलला, आणि ऐन आरतीत कानबाई स्वयंपाकघराकडे पाठ फिरवून पुढच्या खोलीकडे निघाली.

"माय चालनी!" आबा ओरडले. "पुढं चला! पुढं चला!"

आरती म्हणत म्हणत सगळी भाऊबंदकी परसातून पुढच्या खोलीकडे पळत सुटली. सगळ्यांपुढे आबा आणि नाना, मध्ये एक ताट, कापूर विझू नये म्हणून वाकून वाकून पळताहेत. नानांची घाईत पायात अडकवलेली चप्पल चिखलात राहिली. आबांची टोपी धुण्याच्या दोरीला लटकली. धापा टाकत सगळे पुढच्या खोलीत शिरले, आणि देवी त्यांच्यासमोरून सावकाश, अगदी त्यांच्या डोळ्यांदेखत, वळून पुन्हा स्वयंपाकघराकडे तोंड करून थांबली. तेच टेंगूळ! बल्ब बंद.

"मागं चला," कुणीतरी क्षीण आवाजात म्हणालं.

कुणी हललं नाही. आबा देवीच्या पाठीकडे बघत होते. मग त्यांची नजर खाली झालरीकडे गेली. झालरीखालून माझा स्क्रूड्रायव्हर बाहेर डोकावत होता. मग ती नजर ओटीच्या दारात, मेन स्विचवर हात ठेवून उभ्या असलेल्या माझ्यावर आली. माझ्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात माळ होती, आणि बोटं कोळशाने काळी होती.

"नाना," आबा म्हणाले. ही हाक त्यांनी थेट मारली, भावाला, नावाने. "याना अंगमा माय नही उनी व्हती."

"नाही," नाना म्हणाले. "करंट आला होता."

यानंतर जे झालं ते शब्दांत सांगणं अवघड आहे, आणि त्यातले बरेच शब्द सांगण्यासारखे नाहीत. नाना चिडले की ऑफिसातली मराठी सोडून गावच्या बोलीवर येत. त्या दिवशी तर ते गावाच्याही पुढे गेले.

"तुले कोनी सांगं व्हतं फिराडाले? साधा चौरंगले काय धाड भरनी व्हती?"

"माले घर सोडी जावानी येळ उनी!" आबा. "देवी रागावनी म्हनीसन मन्हा जीव उडी गया! आन हाऊ... हाऊ गधडा..."

"गधडा नही, आबा. महागधडा."

"बराबर बोलना," आबा म्हणाले.

दोघांचं एकमत झालं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! आणि एकदा झाल्यावर ते थांबेनात. एकाने सुरू केलेलं वाक्य दुसरा पूर्ण करायचा. आबा म्हणाले, याला गावी पाठव, शेतात राबू दे, अक्कल येईल. नाना म्हणाले, नको, तुमची विहिरीची मोटर जाळेल. आबा हसले. नाना हसले. मग दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसले, आणि हसता हसता आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिथे उभा होतो, पण माझ्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. दोघं भाऊ पाटाला पाट लावून रोट खायला बसले आणि मला वाढायचं फर्मान निघालं. नानांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं. ही चव."

सोमवारी आबांनी स्वतःच्या डोक्यावरून कानबाई नदीवर नेली. चौरंग त्यांनी आपल्याबरोबर गावी नेला आणि त्याच्या पोटाखालची मोटर, कड्या, कांड्या, स्प्रिंगा, सगळं माझ्यासमोर सुटं करून माझ्या हातात दिलं. पुढल्या वर्षीपासून कानबाई एकच, एकदा गावी, एकदा पिंप्राळ्यात.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी वीजखात्यात नोकरी केली, साहेब झालो, पण भाऊबंदांत माझी ख्याती वेगळीच आहे. कुठल्याही दोन घरांत अबोला धरला गेला की धुळ्यापासून जळगावपर्यंत कुठूनही मला फोन येतो. "ये रे भो, पंखा आवाज करतोय. मिक्सर बघून जा. टीव्हीत मुंग्या येताहेत." मला कळतं, पंखा ठीक असतो. तरी मी जातो, मनापासून दुरुस्त करतो. तासाभरात दोन्ही घरं एका आवाजात माझ्या नावाने ओरडत असतात, त्यांचं पुन्हा जेवणखाण सुरू होतं, आणि मी दारात अंधारात माझ्या चपला शोधत असतो. कारण लाईट मीच घालवलेली असते!